हवेचा आहेर

मे महिन्यात सावनेरच्या गच्चीवर घातलेली कुरोडी दोन दिवसांत अशी कडक होते, की डब्यात भरताना खडखडते. तीच कुरोडी, तोच डबा, झाकणाखाली कागद घालून घट्ट लावलेला. तरी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हात घातला तर ती मोडत नाही, वाकते. मधल्या काळात घरातल्या कुणी काही केलेलं नसतं. तरी डबा उघडा कुणी ठेवला याची चौकशी मामीजी दरवर्षी लावतात, आणि दरवर्षी संशयित जावई असतो.

सावनेर ही माझी सासुरवाडी; मामाजी आणि मामीजी म्हणजे सासरे आणि सासूबाई. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालं की लागणारं तालुक्याचं गाव. कोलार नदी, अदासाचा गणपती, जमिनीच्या वर कापूस आणि खाली कोळसा. अशा गावाला पाण्याच्या वाफेचा हिशेब बाहेरून कुणी येऊन शिकवावा, अशी परिस्थिती नाही. मार्केटात कापसाची गाडी उभी राहिली की ग्रेडर आधी ढिगात मीटर खुपसतो, मग शेतकऱ्याला रामराम करतो. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, हिशेब सरळ आहे: ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर टक्क्याटक्क्याला कात्री, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. सकाळी दवात वेचलेला कापूस आणि दुपारी वेचलेला कापूस यांतला फरक इथला शेतकरी नुसत्या मुठीत सांगतो. मीटर असतं ते त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला.

कापसाचं असं ठरलेलं आहे. माणसाला किती टक्के ओलावा चालतो, याचा भाव मात्र मार्केटात कधी फुटला नाही. जाणकार म्हणतात, खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असली की माणसाला बरं वाटतं. सावनेरात अशी हवा मिळते. दिवाळीनंतर. सरकार विधिमंडळाचं अधिवेशन घेऊन डिसेंबरात नागपूरला येतं, त्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे असं सांगतात. मला त्यात हवेचाही हात दिसतो. २०१८ साली सरकारने हिंमत करून पावसाळी अधिवेशन नागपुरात भरवलं, तर ६ जुलैला विधानभवनाच्या वीजकक्षातच पावसाचं पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज तहकूब झालं. इंग्रज या बाबतीत जास्त पोचलेले. मध्य प्रांताची राजधानी नागपूर खरी, पण उन्हं तापली की साहेब दप्तरासकट पचमढीला. खोलीतली हवा बदलण्यापेक्षा खोलीच बदललेली बरी, हे तंत्र अजून तरी कोणत्या यंत्राला साधलेलं नाही.

साहेब गेल्यावर मागे उरलेल्यांचं काय? त्यातही क्रम होता. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. इथल्या उन्हाळ्याच्या सुक्या हवेत सूत तटातट तुटतं. म्हणून त्यांनी मिलच्या खात्यांमध्ये हवेत ओल सोडणारी यंत्रं बसवली. देशात ती पहिलीच, असं टाटांच्या इतिहासात नोंदलेलं आहे. म्हणजे नागपुरात छपराखालच्या हवेच्या ओलाव्याची पहिली पक्की व्यवस्था झाली ती धाग्यासाठी. माणूस तटकन तुटत नाही, हा माणसाचाच दोष. आता मिलच्या जागेवर मॉल उभा आहे आणि तिथले एसी दिवसभर हवेतलं पाणी काढून टाकत असतात.

सावनेरात मात्र माणसांची सोय कूलरने केली. मामाजींचा कूलर लोखंडी पत्र्याचा, लोखंडी स्टँडवर खिडकीबाहेर लटकलेला, आणि घरात माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठा. होळी झाली की तो गच्चीवरून खाली येतो. मग त्याला घासायचं, आतून डांबर फासायचं, खसच्या ताट्या बदलायच्या, टुल्लू पंप पाण्यात बुडवून शिव्या देत चालू करायचा. पंप पहिल्या झटक्यात चालू झाल्याचं ऐकिवात नाही. नवीन ताट्यांवर पाणी पडून पहिली गार झुळूक खोलीत आली, की मामाजी 'आलं हिल स्टेशन' एवढं बोलतात आणि जूनपर्यंत त्या खिडकीसमोरची खाट सोडत नाहीत. जावई आला की खाट नाइलाजाने सुटते, पण ते जाता-येता कूलरची जाळी हाताने स्वतःच्या दिशेला वळवून जातात.

या पत्र्याच्या पेटीचं शास्त्र बिनतोड आहे. मेअखेरच्या नवतप्यात बाहेर ४४ अंश तापमान आणि आर्द्रता जेमतेम १५ टक्के असते, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास येऊन थांबतो. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती ते हवेतूनच काढून घेतं. एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता गेली. कूलर धडाचा असेल, ताट्या भिजलेल्या असतील, तर ४४ ची हवा २७-२८ होऊन आत येते. अट एकच: समोरचं दार उघडं हवं. आलेली हवा बाहेर गेली पाहिजे. सावनेरात हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. पाहुणा दार लोटून आत आला की घरातून आवाज येतो, 'अहो, दार उघडं राहू द्या, कूलर चालू हाय!' एवढी मोकळी हवा खोलीत घेणारं यंत्र बड्या हॉटेलांतही सापडायचं नाही. मिनिटामिनिटाला खोलीतली हवा नवी होते.

मग मृग लागतो, जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि कूलर घराचा वैरी होतो. जुलैत बाहेर ३० अंश, आर्द्रता ८०. ओल्या फडक्यातला थर्मामीटर आता २७ वरच अडतो. कूलरने जीव टाकला तरी हवा दोन-अडीच अंशच उतरते आणि आत येते ती नखशिखान्त भिजून. गादी चिकटते, वर्तमानपत्र हातात लोंबतं, मीठ डबीतून पडत नाही. मग खाटेवरून रात्री दोन वाजता हुकूम सुटतो, 'पानी बंद कर बे, नुस्ता पंखा ठेव!' नागपूर जिल्ह्यात निम्मा पावसाळा या हुकमावर निघतो. उरलेला निम्मा उमस किती आहे हे एकमेकांना सांगण्यात.

याच उमशीला वैतागून मामाजींनी वर नवी खोली बांधली. तिला सरकत्या काचेच्या खिडक्या, फटींत सिलिकॉन, दाराखाली रबराची पट्टी आणि भिंतीवर एसी. घरात तिचं नाव 'जवाईबापूंची खोली', वापर सर्वांचा. मोठ्या कौतुकाने मामाजींनी मला सांगितलं, की एसी बाहेरची ताजी हवा घेतो, गार करतो आणि आत सोडतो. मी म्हटलं, घेत नाही. तो आतलीच हवा फिरवतो. त्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याला माझ्याकडे त्यांना पटेल असं उत्तर नव्हतं.

'मंग बाहेर एवढा मोठा डब्बा कायले लावते?'

बाहेरचा डबा आतली उष्णता बाहेर टाकतो, त्याचा आणि हवेचा संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. पण ज्या माणसाने आयुष्यभर खिडकीबाहेरच्या पेटीतून वारा घेतला, त्याला बाहेर लटकलेल्या दुसऱ्या पेटीतून वारा येत नाही हे पटवणं जावयाचं काम नव्हे. भारतातल्या कितीतरी एसीवाल्या घरांत मामाजींचंच मत चालतं. त्या मताच्या भरवशावर लोक खिडक्या बंद करून चार-चार माणसं एका खोलीत झोपतात आणि सकाळी डोकं जड झालं की ते एसीच्या वाऱ्याने झालं म्हणतात.

हे गाव खरं तर मोकळ्या हवेचं मोल जाणणारं. राम गणेश गडकरी सावनेरातच गेले, २३ जानेवारी १९१९ ला, क्षयाने, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. 'बाळकराम' या नावाने महाराष्ट्राला पोट धरून हसवणारा माणूस. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. डॉक्टर काय सांगणार, तर हवापालट करा, खिडक्या उघड्या ठेवा. आज औषध आहे, हे चांगलंच. खिडक्यांना मात्र सिलिकॉन आहे.

पहिला पावसाळा लागला आणि नवीन खोलीने रंग दाखवला. रिमोटवर २४ अंश, आणि अंग तरी चिकचिक. इन्व्हर्टर एसीचं हे गुपित दुकानदार सांगत नाही: ठरवलेलं तापमान गाठलं की तो संथ होतो, आतली जाळी पुरती गार राहत नाही, मग तिच्यावर पाणी धरत नाही आणि हवेतली ओल हवेतच राहते. त्यात पावसाळ्यात बाहेर कपडे वाळत नाहीत, म्हणून मामीजींनी त्याच खोलीत आडवी दोरी बांधली. 'एसीत एका रात्री वाळते,' असा त्यांचा शोध. आम्ही पांघरूण घेऊन झोपायचो आणि वर पाचवारी लुगडी, टॉवेल आणि मामाजींचे पायजमे रात्रभर आपलं पाणी आमच्यावर सोडायचे. ऑगस्टपर्यंत कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उगवले. शालूला कुबट वास आला. लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना अशी चिकटली, की सोडवताना माझा अर्धा चेहरा व्याह्यांच्या पानावर गेला. घरात याबद्दल फारसं दुःख दिसलं नाही.

आणि मग पुण्याहून बाबू आला. बाबू माझा धाकटा साळा. मोठमोठ्या इमारतींच्या एसीची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याने बॅगेतून काडेपेटीहून थोडं मोठं मीटर काढलं आणि रात्री खोलीत ठेवलं. सकाळी सहाला सगळ्यांना उठवून त्याने निकाल वाचला: आर्द्रता ७४ टक्के, कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८००. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो.

'झोपलेलं माणूस तासाले चाळीसेक ग्रॅम पाणी हवेत सोडते,' बाबू म्हणाला. 'तुमी चौघं, आठ तास. सव्वा लिटर.'

मामीजींनी खोलीतल्या चौघांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी थांबली.

इथे शेजारचे काकाजी आले. काकाजी कोळशाच्या खाणीतून ओव्हरमन म्हणून रिटायर झालेले. सावनेरच्या परिसरात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, भूमिगत खाणी आहेत, आणि हवा ही गोष्ट गंमत नव्हे, हे ज्यांना पोटापाण्यासाठी कळलं अशी माणसं या गावात गल्लोगल्ली भेटतात. काकाजींचा डिजिटल मीटरवर विश्वास नाही. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचा खुलासा करावा लागला, तेव्हापासून तर मुळीच नाही. त्यांच्याकडे स्वतःचं यंत्र आहे. लाकडी मूठ, तिच्यावर फिरणारी चौकट, चौकटीत दोन थर्मामीटर. एकाच्या बुडाला मलमलीची टोपी. ती टोपी पाण्याने भिजवायची आणि हात लांब करून चौकट गरागरा फिरवायची. वाऱ्याने टोपीतलं पाणी उडतं, त्या नळीतला पारा उतरतो, आणि दोन पाऱ्यांतल्या अंतरावरून हवेची कोरड कळते. पारा दोन्हींत सारखा राहिला तर समजायचं, हवेने पाणी पिणं सोडलं. खाणीत रोजचं काम. घरात करताना मात्र पंखा, ट्यूबलाइट आणि घरमालक यांच्यापासून अंतर राखावं लागतं.

काकाजींनी यंत्र फिरवलं. मामाजी दोन पावलं मागे सरले.

'वेट बल्ब बावीसच्या वर नाही. कायद्यानं साडेतेहेतीसपर्यंत चालते,' काकाजी म्हणाले. 'साडेतीसच्या वर गेलं तं हवा सेकंदाले एक मीटर खेळती पाहिजे. अन् तुमचा तो गॅस, २८०० म्हंजे पाव टक्क्याच्या थोडा वर. खाणीत अर्धा टक्का चालते. काई घाबराची गोष्ट नाही.'

आपली खोली अजून खाणीच्या नियमांत बसते, हे ऐकून मामाजींना हायसं वाटलं. पण काकाजींचं संपलं नव्हतं.

'पन खाणीत माणशी मिनिटाले सहा घनमीटर ताजी हवा द्याच लागते. कायदा हाय. इथं किती देता?'

मामाजींनी रिमोट उलटसुलट करून पाहिला. त्यावर तसं बटण नव्हतं.

बाबू याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने कागद घेतला आणि ईआरव्हीचं, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटरचं, चित्र काढलं. एक पेटी. तिच्यात दोन पंखे: एक खोलीतली शिळी हवा बाहेर काढतो, दुसरा बाहेरची ताजी हवा आत आणतो. दोन्ही हवा पेटीच्या मधोमध एकमेकींना आडव्या जातात, मध्ये पातळ कागदासारखे पडदे. या पडद्यातून हवा जात नाही, पण उष्णता जाते आणि पाण्याची वाफही जाते. मित्सुबिशीने १९७० साली जपानात असल्या कागदी पडद्याचं यंत्र 'लॉसने' नावाने बाजारात आणलं. मोठ्या इमारतींत पडद्याऐवजी चाक असतं, ॲल्युमिनियमचं, त्यावर सिलिका जेलचा किंवा तसल्याच पाणी शोषणाऱ्या पदार्थाचा लेप. बुटाच्या खोक्यात 'खाऊ नका' अशी ताकीद घेऊन जी पुडी येते, त्यातलेच हे दाणे. आपल्याकडे २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत मोठ्या रुग्णालयांना आणि हॉटेलांना, जिथे बाहेरची हवा फार घ्यावी लागते तिथे, अशी वसुली निदान निम्मी तरी करा असं सांगितलेलं आहे.

'हे तं एअर क्रॉसिंग होय!' काकाजी ओरडले. खाणीत आत जाणारी हवा आणि परत येणारी हवा जिथे एकमेकींच्या वाटेत येतात, तिथे एकीच्या डोक्यावरून दुसरीला पूल बांधून नेतात. 'इनटेक अन् रिटर्न. जिंदगीभर हेच बांधलं. पन आमी त्यायले एकमेकीसंगं बोलू देत नव्हतो, तुमी बोलू देता.'

बोलणं कसलं, ही सरळ देवाणघेवाण आहे, आणि ती मामीजींना सगळ्यांच्या आधी कळली. लग्नघरात येणाऱ्या पाहुणीला साडी नेसवायची आणि आधीच्या पाहुणीकडून आलेलीच नेसवायची, हा त्यांचा हातखंडा. ईआरव्ही तेच करतो. निघालेल्या शिळ्या हवेच्या अंगावरचा गारवा आणि कोरडेपणा दारातच उतरवून घेतो आणि आत शिरणाऱ्या ताज्या हवेला चढवतो. बाहेरचीचा दमटपणा जाणारीच्या गळ्यात. पाहुणी बदलते, घरातला आहेर घरात राहतो. 'मंग असं सांग ना,' मामीजी बाबूला म्हणाल्या. 'कागद कायले खराब केला?'

सावनेरच्या हवेत या आहेराचा हिशेब गमतीदार निघतो. मे महिन्यातली ४४ अंशांची हवा दिसते भयंकर, पण एका किलो हवेत पाणी ९ ग्रॅमच्या आसपास. एसीच्या चांगल्या खोलीत, २५ अंश आणि ५० टक्क्यांना, १० ग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात ओलाव्याचं भांडणच नाही. यंत्र काय वाचवील तर गारवा. जुलैत बाहेर ३० अंशच, तापमानाचा फरक किरकोळ. पण पाणी २२ ग्रॅम. खिडकी उघडली की प्रत्येक किलो हवेमागे १२ ग्रॅम जादा पाणी घरात. ईआरव्हीने सत्तर टक्के देवाणघेवाण केली तर त्यातले आठेक ग्रॅम दारातूनच परत जातात आणि चारेक आत येतात. ते चार एसीने पिळून काढायचे. बाबूने हे सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं. पण तेव्हा मामाजी किंमत विचारत होते.

किमतीवरून थोडी घासाघीस झाली आणि पेटी आली. मिस्त्रीला भिंतीला दोन भोकं पाडायला सांगितलं, एकमेकांपासून चांगली लांब. 'एका भोकात होते तं दोन कायले?' असा त्याचा सवाल होता. तो जिंकला असता तर निघालेली हवा तशीच परत आली असती. बाबूने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर उभं राहून दुसरं भोक पाडून घेतलं. ते नेमकं खालच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर निघालं. त्यामुळे मामीजींनी सांबारवडीचा घाणा घातला की वरच्या खोलीत बातमी आधी पोचते. ही सोय कंपनीच्या माहितीपत्रकात नाही. कापसाच्या हंगामात फिल्टर उघडला, तर त्यावर कापसाच्या तंतूंची अशी जाड लादी बसलेली, की मामाजींनी ती उशीत भरता येईल का हे दाबून पाहिलं.

सकाळचं डोकं जड होणं बंद झालं, हे मी शपथेवर सांगतो. मीटर नऊशेच्या वर जाईना. भिंतीचे ठिपके पुसल्यावर परत आले नाहीत. मामाजी मोहल्ल्यात सांगत फिरले, की आपल्या घरात हवा सुकवणारं यंत्र आहे.

पुढच्या जुलैत विजेचं बिल आलं. मामाजींनी ते चष्मा लावून आणि चष्मा काढून असं दोनदा वाचलं आणि तोडगा काढला: एसी बंद, ईआरव्ही चालू. हवा सुकवायला तोच तर आहे, मग एसी कशाला पोसायचा? तिसऱ्या दिवशी खोलीत पाय ठेवला तर फरशी तळव्याला चिकटली. त्यात मामीजींची दोरी भरलेली. बाबूला फोन गेला.

'बाबा, ते सुकवत नाही,' बाबू म्हणाला. 'आतली हवा सुकी असन तं सुकी ठेवते. सुकवाचं काम एसीचं. एसी बंद केला, आत अन् बाहेर सारखंच झालं, मंग बदलाबदली कशाची करन? अन् आईचे कपडे वाळून राहिले, त्याचं पाणी बाहेर जाताना पकडून परत आतच आणून देईन ते. त्याले तेच काम शिकवलं आहे.'

'म्हंजे मी पैसे देऊन राखणदार ठेवला,' मामाजी म्हणाले, 'अन् घरात राखाले काहीच नाही.'

यंत्राविषयी इतकं नेमकं मी कुठल्या इंजिनिअरकडून ऐकलेलं नाही. ईआरव्ही विकत घेणाऱ्या दहांतल्या नवांचा हाच घोटाळा होत असणार. दमट प्रदेशात तो ओल अडवतो, काढत नाही. काढायला एसीचा ड्राय मोड लागतो, नाहीतर वेगळा डिह्युमिडिफायर. बाबूने तेही सुचवलं. तिसरं यंत्र, असं ऐकताच मामाजींनी फोन मामीजींकडे दिला.

ड्राय मोडवर तडजोड झाली. एसी रात्री पुन्हा सुरू झाला आणि त्याची पाण्याची नळी गच्चीऐवजी बादलीत सोडली गेली, कारण मामाजींना पाणी वाया गेलेलं पाहवत नाही. सकाळी बादली काठोकाठ. एवढं गाळीव, बिनक्षाराचं पाणी! ते त्यांनी उचललं आणि खालच्या बैठकीतल्या कूलरच्या टाकीत ओतलं. टाकीत पाणी आलंच आहे, तर पंप चालू करायला काय हरकत, म्हणून पंपही चालू केला. बैठकीतली ओली हवा जिन्याने वर चढली. रबराची पट्टी मिस्त्रीने भोकं पाडताना उखडून ठेवली होती ती परत लावलीच नव्हती, त्यामुळे ती ओली हवा दाराखालून खोलीत शिरली. एसीने ती रात्रभर पिळली. बादली दुसऱ्या दिवशी आणखी लवकर भरली.

'पाहा, पानी वाढून राहिलं,' मामाजी हरखून म्हणाले.

काकाजी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी हात लांब करून यंत्र फिरवलं. वर एक आकडा, खाली दुसरा. त्यांनी दोन्ही पाटीवर लिहिले, वर इनटेक, खाली रिटर्न, आणि मध्ये बाण काढले. बाणांचं वर्तुळ पुरं झाल्यावर ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. मामाजींनी ते पाहिलं, त्यांनाही खाणीचं गणित एकदाचं कळलं, आणि त्यांनी तिथूनच बाबूला फोन लावला: कूलर अन् एसीच्या मधात, जिन्यावर, एक लहानशी ईआरव्ही बसवून भेटन का?